तळमजला पाहिजे, पायऱ्या दोनच

आमच्या गावात घर शोधायला आलेल्या माणसाला आधी घराचं काही सांगत नाहीत. आधी विचारतात, "फॅमिली आहे का?"

गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर घरमालक ओळखतील आणि पुढच्या जूनपासून मला एकही खोली कुणी दाखवणार नाही. बीड जिल्ह्यातलं, डोंगर चढून आल्यावर पठारावर पसरलेलं गाव आहे, एवढं पुरे. एक जुनं कॉलेज, त्याच्या आजूबाजूला नंतर उगवलेली चार नवी, आणि एक मोठा सरकारी दवाखाना. जून उजाडला की एसटी स्टँडवर गाद्या, बादल्या आणि पत्र्याच्या पेट्या घेऊन माणसं उतरतात आणि पहिल्यांदा दिसेल त्या दुकानात शिरून विचारतात, "इथं कुठं खोली मिळंल का हो?"

ते पहिलं दिसणारं दुकान माझं. झेरॉक्स आणि टायपिंगचं, कॉलेजच्या फाटकासमोर. नऊ वर्षं झाली. सुरुवातीला मी नुसती हाताने दिशा दाखवायची. मग चिठ्ठीवर पत्ते लिहून द्यायला लागले. मग मालकच फोन करून सांगायला लागले, "समता, वरची खोली रिकामी झाली गं." असं करत करत मी या गावची खोलीवाली ताई झाले. काही जण एजंट म्हणतात. तो शब्द मला आवडत नाही, पण दुसरा शब्द मलाही सापडलेला नाही.

बाहेरच्यांना वाटतं, यात काय आहे, कुलूप उघडून खोली दाखवायची. तसं नसतं. मालक बोलतात ती भाषा वेगळी असते आणि ती उलगडून सांगणं हे माझं काम. 'कॉलेजपासून पाच मिनिटं' म्हणजे मोटारसायकलवर, आणि मोटारसायकल मालकाच्या मुलाने चालवली तर. 'हवेशीर' म्हणजे खिडकीला तावदान नाही. 'पाणी भरपूर' असं सांगितलं की नळ कितव्या दिवशी सुटतो ते विचारायचं, आणि ते मालकाला विचारायचं नाही, शेजारी धुणं वाळत घालणाऱ्या बाईला विचारायचं. पत्र्याची खोली सकाळी दहाला बघायची नाही, दुपारी तीनला बघायची. दहा मिनिटं आत उभं राहायचं. तरीही पसंत असेल तर घ्यायची.

आणि फॅमिली. आमच्याकडे फॅमिली म्हणजे बायको. "फॅमिलीला घेऊन दवाखान्यात गेलतो," असं माणूस म्हणतो तेव्हा तो बायकोला घेऊन गेलेला असतो. त्यामुळे फाटकावर 'फक्त फॅमिलीसाठी' अशी पाटी असली की तिचा अर्थ नवरा, बायको, फार तर एक मूल, तेही भिंतीवर न लिहिणारं. एका बँकेतल्या बिचाऱ्या क्लार्कला मी असाच ब्लॉक मिळवून दिला होता. त्याचं लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं. मालकीणबाई दर रविवारी जिन्यात उभ्या राहून विचारायच्या, "फॅमिली कधी येणारंय?" हा म्हणायचा, "पुढच्या महिन्यात." शेवटी त्याने माझ्याच दुकानात पत्रिकेची झेरॉक्स काढून त्यांच्या दाराला लावली, तेव्हा कुठे त्या थांबल्या.

हे हसण्यासारखं झालं. पण या शब्दाचा दुसरा उपयोग आहे आणि तो हसण्यासारखा नाही. आडनाव ऐकून नको वाटलं की मालक 'नाही' म्हणत नाही. 'नाही' म्हणायला थोडी हिंमत लागते. तो म्हणतो, "आम्हाला फॅमिली पाहिजे होती." समोर नवरा, बायको आणि दोन लेकरं उभी असली तरी म्हणतो. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला अर्थ कळायला अख्खी दुपार लागली होती.

मी अशा गोष्टींवर गप्प बसणाऱ्या घरातली नाही. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. कॉटखाली गठ्ठे, माळ्यावर गठ्ठे, पोळ्या गुंडाळायला सुद्धा मागच्या मोर्चाची उरलेली पत्रकं. मी बाराखडी त्यांच्यावरच गिरवली. शाळेत 'ज' कशाचा असं विचारलं तर मी 'जहाजाचा' नाही, 'जाहीर निषेधाचा' म्हणाले होते, असं आई अजून सांगते. माझं नावही एका पत्रकाच्या मथळ्यातून उचललेलं. तेव्हा अन्याय दिसला की हात आपोआप कागदाकडे जातो. ते चांगलंच आहे असं मला वाटायचं, दोन वर्षांपूर्वीच्या जुलैपर्यंत.

त्या जुलैत नसरीन मॅडम दुकानात आल्या. परभणीच्या. रसायनशास्त्र शिकवायच्या. तासिका तत्त्वावर म्हणजे तासाच्या हिशोबाने बरीच वर्षं राबल्यावर त्यांना आमच्या कॉलेजात कायमची नोकरी लागली होती. लग्न केलेलं नाही, घरी वडील. वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, उजवा हात गेलेला, उजवा पाय ओढत चालायचे. इतके दिवस भाऊ सांभाळत होता, पण त्याची बदली पुण्याला झाली होती आणि तिथलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती.

"मला तळमजला पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "पायऱ्या कमीत कमी. संडास खुर्चीचा पाहिजे, बसायचा नको. दवाखान्यात आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्यावं लागेल, म्हणून रस्त्यापर्यंत गाडी आली पाहिजे. लेडीज होस्टेलच्या पाहुण्यांच्या खोलीत मला पंधरा दिवस राहू देणार आहेत. तोपर्यंत."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर नोकरी सोडणार. अब्बांना कुणाच्या जिन्यात सोडून मी इथे शिकवायला येणार नाही."

त्यांनी हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं की मला आधी त्याचं वजन कळलं नाही.

जुन्या गावात, मशिदीमागच्या मोहल्ल्यात, दोन घरं लगेच निघाली. मॅडमला तिथे कुणी काही विचारलं नाही, उलट चहा पाजला. पण तो सगळा भाग उतारावर. गल्लीच चढणीची, दगडी पायऱ्यांची, रिक्षा कोपऱ्यावर थांबते. एका घरातल्या आजी म्हणाल्या, "बेटी, मीच चार म्हैने झाले खाली उतरले न्हाई." ते संपलं.

मग मला गुरुजींचा ब्लॉक आठवला. कॉलेजमागच्या कॉलनीत. निवृत्त मुख्याध्यापक, शांत माणूस, रोज माझ्याकडे पेपर चाळायला यायचे. त्यांनी तळमजल्यावरचा ब्लॉक आपल्या आईसाठी बांधला होता. खुर्चीचा संडास, भिंतीला धरायला दांडा, उंबरासुद्धा नाही. आई गेल्या आणि ब्लॉक रिकामा होता. असं घर अख्ख्या गावात दुसरं नव्हतं. फाटकावर पाटी होतीच, फक्त फॅमिलीसाठी.

मी फोन केला. "गुरुजी, फॅमिली आहे. बाप आणि लेक. लेक कॉलेजात प्राध्यापक."

"बाप-लेक? चालेल की. म्हातारं माणूस घरात असलं की बरं असतं. घेऊन ये संध्याकाळी."

नाव मी सांगितलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही. मॅडम समोर आल्या, बोलल्या, की माणसाला माणूस दिसेल असा माझा हिशोब होता.

गुरुजी किल्ली हातात घेऊनच फाटकात उभे होते. मॅडमनी नमस्कार केला, नाव सांगितलं. गुरुजींनी किल्लीकडे बघितलं आणि ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

"समता, मी तुला फॅमिली म्हणालो होतो गं."

"गुरुजी, हीच फॅमिली."

"तसं नव्हे. म्हणजे तसं काही नाही. पण आमच्या हिचं देवाधर्माचं फार असतं, आणि खरं म्हणजे पुतण्या येणार आहे शिकायला. कालच फोन आला."

"बरं, सर," मॅडम म्हणाल्या आणि मागे वळल्या. कॉलेजच्या भिंतीपाशी आल्यावर विचारलं, "ताई, तुम्ही फोनवर नाव सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"का?"

"तुम्हाला बघितल्यावर नाही म्हणणं जड जाईल, म्हणून."

"जड गेलंच की. मला."

एवढं ऐकूनही मी थांबले नाही. उलट पेटले. दुकानात आले, शटर अर्धं ओढलं आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा: 'फॅमिली म्हणजे कोण? कॉलनीतील सुजाण रहिवाशांना जाहीर सवाल'. लिहिलं चांगलं होतं, आजही म्हणेन. आजारी बापाला सांभाळणारी लेक ही फॅमिली नाही, तर मग फॅमिली कशाला म्हणता? आयुष्यभर फळ्यावर समतेचे सुविचार लिहिणाऱ्यांनी फाटकावर काय लिहिलं आहे? असे एकाखाली एक सवाल. गुरुजींचं नाव घातलं नाही, मॅडमचंही नाही. पेपर टाकणाऱ्याकडे गठ्ठा दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीतल्या प्रत्येक पेपरातून ते पत्रक घरात पडलं.

नावं घातली नव्हती, पण फळ्यावर सुविचार लिहिणारे कॉलनीत एकच होते आणि आजारी बापाला घेऊन येणारी नवी मॅडमही गावात एकच होती. दहा वाजेपर्यंत सगळ्यांना सगळं कळलं. फोन सुरू झाले. काही शिव्यांचे. दोघांनी अभिनंदन केलं, "असंच ठणकावून सांगायला पाहिजे," म्हणाले. मी लगेच विचारलं, "तुमच्याकडे तळमजला आहे का?" दोघांचीही घरं नुकतीच भरली होती.

मॅडम दुपारी आल्या. दुकानात दोन मुली झेरॉक्ससाठी थांबल्या होत्या. त्या जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मग पत्रकाची घडी पर्समधून काढून काउंटरवर ठेवली.

"प्राचार्यांनी बोलावलं होतं. म्हणाले, आल्या आल्या हे काय? मी काय सांगू त्यांना?"

"सांगा की आम्ही बरोबर आहोत."

"आम्ही कोण?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी तुम्हाला घर शोधायला सांगितलं होतं. भांडण सांगितलं नव्हतं. वर्गात गेले तर पोरं माझ्याकडे बघून कुजबुजतात. होस्टेलच्या बाई म्हणतात, मॅडम, तुमच्यावर छापून आलंय म्हणे. होय, माझ्यावर अन्याय झाला. पण तो माझा होता ना? तो मी गिळायचा का ओकायचा, हे मी ठरवणार होते. तुम्ही मला न विचारता तो गावभर वाटलात."

सवाल विचारणाऱ्या माणसाकडे उत्तरं नसतात हे मला त्या दिवशी कळलं. मी सॉरी म्हणाले. त्या म्हणाल्या, "सॉरीला किती पायऱ्या असतात, ताई?" आणि गेल्या.

पुढचे तीन दिवस मी चार ठिकाणी चौकशी केली. कुणी फोन उचलला नाही, कुणी उचलून 'बघतो' म्हणालं. माझ्या पत्रकाने एकही घर उघडलं नव्हतं आणि होती ती दारं आतून कडी घालून बसली होती. मॅडमनी राजीनामा लिहून ठेवला आहे असं होस्टेलच्या बाईंनी सांगितलं. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. पंधरा दिवसांतले नऊ संपले होते.

दहाव्या दिवशी एक गाडी दुकानासमोर थांबली. मॅडमच्या भावाने वडिलांना दवाखान्यात दाखवायला आणलं होतं. नंबर लागायला वेळ होता, आणि म्हातारबांनी हट्ट धरला होता की त्या पत्रकवाल्या पोरीला भेटायचं. भावाने त्यांना माझ्या बाकावर बसवलं आणि तो केसपेपर काढायला गेला.

बाबामियाँ. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. मी त्यांना चाचा म्हणाले. ते म्हणाले, "ते पत्रक दावा बरं."

मी दिलं. त्यांनी चष्मा चढवून शांतपणे सगळं वाचलं. मग कागद डाव्या हाताने बाजूला ठेवला.

"अक्षर चांगलं हाय. भाषा लई तिखट हाय. पर ह्यात मागणी कुठं हाय, बेटा?"

"म्हणजे?"

"मी चाळीस वर्षं तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिवले. अर्जनवीस होतो मी. माणूस यायचा, रडायचा, शिव्या द्यायचा. तलाठ्यानं असं केलं, भावानं तसं केलं. मी समदं ऐकून घ्यायचो आन शेवटी इचारायचो, 'बाबा, तुला पायजे काय?' त्यो गप. त्याला ठावंच नसायचं. तुझ्या पत्रकात सवाल अकरा हायत. मी मोजले. पर तळमजला पायजे हे कुठं लिवलंय? पायऱ्या किती, संडास कसा, कोन ऱ्हानार? हे वाचून एखाद्याच्या मनात आलं बी, की द्यावं घर, तर त्यानं द्यावं कोनाला? पत्ताच न्हाई, नाव बी न्हाई."

"नाव मुद्दाम घातलं नाही, चाचा."

"कावून?"

"त्रास होऊ नये म्हणून."

"मग झाला न्हाई का?" ते हसले. हसताना तोंड एका बाजूला ओढलं जायचं. "नाव लपवून दार उघडलं की नाव कळल्यावर ते पुन्ना लागतं. त्यापेक्षा आधीच सांगून टाकायचं. ज्याला न्हाई म्हनायचंय त्यो घरी बसून न्हाई म्हनंल. आपला हेलपाटा वाचंल. चल, घे लिवायला. माझा हात गेलाय, तोंड शाबूत हाय."

मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. "विषय: तळमजल्यावरील घर भाड्याने मिळणेबाबत." मी म्हणाले, चाचा, हा काही सरकारी अर्ज नाही. ते म्हणाले, "तू लिव गं. विषय असला की लोक वाचत्यात. त्यांना वाटतं, आपल्यालाच आलाय."

शेवटी जे तयार झालं ते, खाली माझा फोन नंबर घालून, असं होतं:

'घर पाहिजे. तळमजला. पायऱ्या दोनपेक्षा जास्त नकोत. संडास खुर्चीचा, नसल्यास बसवून घेऊ. दारापर्यंत गाडी यावी. राहणार दोघे: नसरीन शेख, कॉलेजात प्राध्यापक, आणि त्यांचे वडील बाबामियाँ शेख, निवृत्त अर्जनवीस, वय बहात्तर, एका अंगाने अधू, स्वभावाने बरे. ज्यांना नावाची अडचण असेल त्यांनी फोन करू नये, आमचा राग नाही. ज्यांना पायऱ्यांची अडचण असेल त्यांनी जरूर करावा, काही मार्ग निघेल.'

'स्वभावाने बरे' यावर आमचा वाद झाला. मी म्हणाले काढूया. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. घरमालकाला हेच जानून घ्यायचं असतं."

मी या वेळी छापायच्या आधी कागद मॅडमकडे होस्टेलवर नेऊन दिला. त्यांनी दोनदा वाचला. 'आमचा राग नाही' या शब्दांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे अब्बांचं. माझा आहे. पण असू दे." आणि खाली बारीक सही केली. त्या सहीने मला जेवढं हायसं वाटलं तेवढं एखाद्या मोठ्या सभेतल्या टाळ्यांनी वाटलं नसतं.

कागद फक्त कॉलनीत न टाकता गावाबाहेरच्या दोन्ही रस्त्यांवरच्या खेड्यांत पाठवला. दूधवाल्यांकडे दिला, जीपवाल्यांकडे दिला. पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. पलीकडून खणखणीत बाईचा आवाज.

"त्या तळमजल्यावाल्या तुमीच का? आमच्या घराला तीन पायऱ्या हायत. चालतेल का?"

"दोन लिहिल्यात, काकू."

"वाचता येतं मला. म्हनून तर इचारते. एक ट्रॉली मुरूम टाकला की खालची बुजून जाती. टाकू का?"

सुभद्राकाकू. गावापासून सहा किलोमीटरवर रस्त्याला लागून त्यांचं शेत, शेतातच घर. शेजारी मुलासाठी बांधलेला नवा ब्लॉक. मुलगा पुण्याला कंपनीत, दिवाळीला दोन दिवस येणार. मी त्याच दुपारी गेले. इतक्या वर्षांत मी अशी मालकीण बघितली नव्हती. तिने घराचे दोषच आधी सांगितले.

"म्हशीचा वास येतो, आताच सांगते. मे म्हैन्यात बोअर आटती, टँकर बोलवावा लागतो. लाइट जाती. आन आमचे मालक बडबड करत्यात, तिकडं लक्ष द्यायचं न्हाई."

मालक म्हणजे तिचा नवरा, बाजेवर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "गावात इचारावं लागंल."

"इचारा की. उत्तर येईस्तोवर मी झाडून घेते."

"लोकं नावं ठेवतेल."

"आतापस्तोर ठेवली न्हाईत का? तुमच्या भावकीनं माझ्या नाकाला ठेवली होती." मग माझ्याकडे वळून, "त्या म्हाताऱ्यांना भाकर चावती का? का पोळीच लागती?"

मी परत आले तेव्हा दुकानासमोर गुरुजी उभे होते. हातात किल्ली. चेहरा उतरलेला. म्हणाले, "समता, तू लिहिलंस ते मला फार लागलं. चार रात्री झोप नाही. त्या दुसऱ्या कागदाने तर जास्त. 'आमचा राग नाही.' मी हिच्याशी बोललो. पुतण्या वगैरे काही येणार नव्हता, तुला माहीत आहे. घर त्यांना दे."

माझ्या डोक्यात एकदम वाजंत्री सुरू झाली. जिंकलो! पत्रकाने माणूस हलवला. कॉलेजपासून खरंच पाच मिनिटं, चालत. भिंतीला दांडा. उंबरा नाही. सहा किलोमीटर आणि म्हशीच्या वासापुढे हे सोनं होतं. मी गुरुजींना बाकावर बसवलं आणि पळत जाऊन मॅडमना बोलावून आणलं. वाटेत दोन्ही घरांचं सांगितलं. गुरुजींचं जास्त सांगितलं.

मॅडम गुरुजींसमोर उभ्या राहिल्या. गुरुजी उठले, किल्ली पुढे केली, म्हणाले, "माझं चुकलं."

"सर, तुम्ही आलात, मला बरं वाटलं," मॅडम म्हणाल्या. "खरंच. पण मी खेड्यातलं घर घेणार आहे."

मी मध्येच बोलले, "मॅडम, अहो, सहा किलोमीटर! आणि इथे सगळं तयार आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मीही बघितलं. गुरुजींचे खांदे खाली आले होते. श्वास सुटला होता. "बरं, बरं, तुम्हाला सोयीचं असेल तसं," ते जरा घाईनेच म्हणाले आणि किल्ली खिशात गेली. वाईट माणूस नाही. मनापासून आला होता. पण नकार ऐकून त्याची सुटका झाली होती आणि ती त्याला लपवता आली नाही.

ते गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "बघितलंत? तिथे मला रोज चांगलं वागून दाखवावं लागलं असतं. त्यांनाही. मला दिवसभर शिकवून झाल्यावर घरी जायचंय, ताई. आंदोलनात नाही."

मला ते झोंबलं. अजूनही थोडं झोंबतं, कारण त्या कॉलनीच्या फाटकावर आजही तीच पाटी आहे आणि कुणीतरी तिथे राहायला जाऊन ती उतरवायला हवी असं मला वाटतं. पण ते कुणीतरी कोण, हे ठरवायचा अधिकार मला नाही. इतकी वर्षं मी माणसांना घरं दाखवली आणि स्वतःला वाटायचं की निवडूनही मीच देते.

मुरूम पडला. पंधरावा दिवस संपायच्या आत सामान गेलं. काकूंच्या मालकांनी गावात विचारलं का नाही ते मला कळलं नाही. कमोड बसवताना मात्र तेच मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहून बडबड करत होते.

त्यानंतर माझी पद्धत बदलली. आता मी फोनवर पहिल्यांदा नाव सांगते, आडनावासकट, मग पायऱ्यांचं. अर्धे मालक तिथेच गळतात. जे उरतात त्यांच्याकडेच मी माणसं घेऊन जाते. फाटकातून परत फिरायची वेळ माझ्या माणसांवर आता क्वचित येते. पत्रकं मी अजून लिहिते. फक्त लिहून झालं की शेवटची ओळ तपासते, मागणी आहे का. आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्याला आधी दाखवते.

मॅडमनी नंतर मला फोन केला नाही. मीही केला नाही, लाज वाटायची. ऑगस्ट संपत आला तेव्हा मात्र राहवेना. तिथे खरंच कसं चाललंय? म्हातारबा पडले तर? दवाखान्याच्या खेपा? चुकीचं घर गळ्यात पडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती तक्रार करत नाहीत, गप्प होतात. मी एका संध्याकाळी पाचच्या गाडीने गेले.

दार उघडं. आत कॉट रिकामी. काठी नाही. काकूंच्या घराला कडी, सगळे शेतात असणार. मी मागे बघितलं, गोठ्यात बघितलं, न्हाणीपाशी बघितलं. हाका मारल्या. पडले असतील, कुणी दवाखान्यात नेलं असेल, आणि हे घर मी शोधून दिलेलं.

धावत रस्त्यावर आले तर थांब्याजवळच्या मोरीच्या कठड्यावर पांढरी टोपी दिसली. चाचा बसले होते. काठी दोन गुडघ्यांत धरलेली, सदरा घामाने भिजलेला.

"एकटे आलात?"

"मग काय वरात काढू?" ते म्हणाले. दम लागलेला होता. "जमीन सपाट हाय. थांबत थांबत आलो. घरात बसून नुसती गाडी दिसती रोज. म्हनलं, आज जाऊन बघावं, ती कशी उतरती."

गाडी आली. मॅडम उतरल्या, खांद्याला पिशवी. वडिलांना बघून जागच्या जागी थांबल्या.

"अब्बा! कुणी सांगितलं एकट्यानं यायला? पडला असता म्हणजे?"

"पडलो न्हाई ना."

"पडला असता तर?"

"पिशवी दे हिकडं."

"काही देत नाही. उठा."

मॅडमनी दंडाला धरलं, चाचांनी हात झटकून सोडवला, मॅडमनी पुन्हा धरला. भांडतच दोघं रस्त्याच्या कडेने घराकडे निघाले. मी तिथे आहे हे दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. मागून माझी परतीची गाडी आली. कंडक्टरने विचारलं, "बाई, यायचं का?" मी मानेनेच नाही म्हणाले. पुढची गाडी तासाभराने होती.

मी कठड्यावर बसून राहिले. ते फार हळू चालत होते. मध्येच थांबायचे, त्यांचं काहीतरी बोलणं व्हायचं, पुन्हा चालायचे. काकू शेतातून गवताचा भारा घेऊन आल्या, त्यांच्या बरोबरीने चालू लागल्या आणि त्याही चाचांना काहीतरी बोलल्या, बहुधा रागावूनच. तिघं फाटकातून आत गेले. मग दार लागलं. या धंद्यात मी कितीतरी दारं तोंडावर लागताना पाहिली आहेत. दार लागलेलं बघून इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं.